डाग पुसण्याआधी

आमच्या परभणीच्या घरी अंगणात शहाबादी फरशी आहे आणि तिच्या डोक्यावर जांभळाचं झाड. पीएचडीच्या पहिल्या वर्षी उन्हाळा संपता संपता मी उत्साहानं त्या डागांवर बाथरूमचं ॲसिड ओतलं. फरशी फसफसली, जांभळा डाग गेला तर नाहीच, उलट लालसर झाला, आणि तेवढ्या जागेची झिलई कायमची उडाली. आई म्हणाली, "डाग दोन पावसांत गेला असता. आता फरशी कुठून आणू?"

शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातंच. जांभळाचा रंगही आम्लात लाल होतो. आधी डाग कशाचा, दगड कोणता, हे विचारायचं असतं. माझा विषय बारवा, त्यामुळे हा धडा पुढे फार कामाला आला.

आपल्या जिल्ह्यात वालूरची चक्राकार बारव आहे, चारठाण्याची आहे. दगड काळा, म्हणजे बसाल्ट. त्यावरचे सगळे डाग एका जातीचे नसतात. हिरवं निसरडं ते शेवाळ. राखाडी, चिकटून बसलेलं ते दगडफूल. आणि काळेनिळे ओघळ दिसले तर वर झाड आहे का बघा. भिजलेल्या पाल्यातलं टॅनिन उतरतं आणि लोहाशी जुळून काळं होतं. हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं रंगवायचे, तीच ही रसायनक्रिया. म्हणून घासून ते सहज निघत नाही. ॲसिड टाकलं तर सांध्यातला चुना आधी जातो.

दगड साफ करण्यालाही इतिहास आहे, तो आपण सहसा वाचत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञाची नेमणूक झाली 1917 मध्ये. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथलं पुरातत्त्व खातं 1914 चं, प्रमुख गुलाम याझदानी. याच खात्यानं 1920 च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या पिढ्यांना तोच काढत बसावं लागलं. अंगकोर वाटला 1986 ते 1993 मध्ये भारतीय पथकानं शेवाळ-दगडफूल काढलं, तर ती सफाई दगडाला फार कडक झाली अशी टीका झाली. टीका किती रास्त, हा वेगळा वाद आहे. पण पूर्वीचा पृष्ठभाग परत आणून तपासता येत नाही, एवढं खरं.

म्हणजे पिंपळ वाढू द्यावा असं नाही हं! मुळं सांधे फोडतात, झाडोरा काढलाच पाहिजे. (उपटू मात्र नका, मुळाबरोबर दगडही येतो.) महाशिवरात्रीला बारवांत दिवे लागतात ते मलाही आवडतं, तेलाचे डाग सोडले तर.

एका गावातली बारव मी पोचायच्या आठवडाभर आधी लोकांनी मनापासून घासून लख्ख केली होती. गावाचं नाव नको. मला हव्या होत्या पायऱ्यांवरच्या पाण्याच्या रेषा, म्हणजे शेवाळ कुठे थांबतं आणि कोरडं दगडफूल कुठून सुरू होतं. एकही उरली नव्हती. शेवाळाची रेषा गेल्या दोन-चार वर्षांचीच असू शकते, तिच्यावरून शतकांच्या गप्पा मारू नयेत. पण माझ्याकडे तेवढंही नव्हतं. आता मी आधी मोजपट्टी ठेवून फोटो काढते, पायऱ्या वरून मोजून वहीत लिहिते, मगच खराट्याला हात.

त्या गावात शेवटी दोन गोष्टींनी वाचवलं. एक, पोरांच्या मोबाईलमधले सफाईच्या आधीचे सेल्फी. त्यांच्या पाठीमागे सात पायऱ्या दिसतात. दुसरी, काठावर बसलेली एक आजी. बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठं होतं, असं विचारलं तर म्हणाली, "खाली उतर, मी थांब म्हणते तिथं थांब." सव्विसाव्या पायरीवर तिनं मला थांबवलं.