एक पॉइंट राखणारा योद्धा : ‘सायकिक वॉरियर’ कसा घडला

१९७८ साली ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे ‘प्लेयर्स हँडबुक’ प्रसिद्ध झाले. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट होते. आपण निर्माण केलेल्या पात्राच्या अंगी मनःशक्ती आहे की नाही, याचा निवाडा त्या परिशिष्टात होत असे. पात्राची बुद्धी, शहाणपण किंवा प्रभाव यांपैकी एक तरी गुण १६ वा त्याहून अधिक असावा लागे. तेवढे जमले, की फासे टाकून १ ते १०० यांमधील एक आकडा काढायचा. मूळ संधी शंभरात एक. गुण १६ च्या वर असतील, तर ती किंचित वाढे.

म्हणजे हाती तलवार आणि मनात शस्त्र असलेला योद्धा त्या काळी घडवता येत नव्हता. निघाला तर निघाला. तो खेळाडूच्या निवडीने जन्माला यावा, यासाठी आणखी २३ वर्षे जावी लागली. हा इतिहास त्या २३ वर्षांचा आणि त्यानंतर हाती आलेल्या एका विलक्षण चणचणीच्या पात्राचा आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची. दोघेही टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांपैकी. त्या युद्धखेळात एक खेळाडू अख्खे सैन्य चालवी. या नव्या खेळात प्रत्येकाने एकच माणूस चालवायचा. त्या माणसाचे बळ, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव आकड्यांत मांडायचे, योद्धा किंवा जादूगार असा त्याचा वर्ग ठरवायचा आणि अनुभवागणिक त्याला एकेक पातळी वर चढवायचे. पात्र घडवणे हा त्यामुळे खेळाचा निम्मा आनंद ठरला.

या जादूच्या जगात मनःशक्ती आली ती विज्ञानाच्या वाटेने. १९३४ मध्ये ड्यूक विद्यापीठातील जे. बी. ऱ्हाइन यांनी अतींद्रिय ज्ञानावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. वर्तुळ, फुली, लहरी, चौकोन आणि तारा अशी पाच चिन्हे असलेल्या २५ पत्त्यांचा जोड त्यांच्या प्रयोगांमुळे जगभर गाजला. न पाहता पत्ता ओळखायचा. निव्वळ योगायोगाने सरासरी पाच बरोबर येतात, त्याहून सातत्याने अधिक आले तर काहीतरी आहे, असा त्यांचा युक्तिवाद. इतर प्रयोगशाळांत ते ‘काहीतरी’ टिकले नाही, हे सांगितलेच पाहिजे. पण विज्ञानकथांना त्याने मोठे खाद्य पुरवले. ग्रीक वर्णमालेतील ‘साय’ हे अक्षर आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’चे शेपूट जोडून १९५० च्या दशकात ‘सायॉनिक्स’ हा शब्द रूढ झाला. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी तो आपल्या मासिकातून हिरिरीने पुढे रेटला.

दुसरा एक प्रवाह याहून जुना आहे आणि तो मुंबईला स्पर्शून जातो. हेलेना ब्लाव्हॅट्स्की आणि हेन्री ऑलकॉट हे थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक १८७९ मध्ये मुंबईत उतरले आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ हे मासिक त्याच वर्षी त्यांनी तेथून सुरू केले. ‘अ‍ॅस्ट्रल’ देह, देहाबाहेरील संचार या कल्पनांना पाश्चात्त्य वाचकांत पसरवण्यात या मंडळींचा मोठा वाटा होता. खेळातील मनःशक्तींच्या यादीत ‘अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शन’ आहे, तसेच अधांतरी होणे, आकाराने वाढणे आणि लहान होणेही आहे. लघिमा, महिमा, अणिमा ही नावे ज्याच्या कानावरून गेली आहेत, त्याला ही यादी ओळखीची वाटेल. मात्र साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. गायगॅक्स यांनी पातंजल योगसूत्रे समोर ठेवून नियम लिहिले, असे म्हणण्यास आधार नाही.

खेळात हे सारे प्रथम आले १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझार्डरी’ या पुरवणीतून. मनाशी मनाची लढाई व्हावी म्हणून हल्ल्याचे पाच आणि बचावाचे पाच प्रकार ठरले. त्यांची नावे मोठी गमतीची आहेत. एका हल्ल्याचे नाव ‘ईगो व्हिप’, दुसऱ्याचे ‘इड इन्सिन्युएशन’. बचावासाठी ‘टॉवर ऑफ आयर्न विल’. ड्रॅगन, किल्ले आणि चिलखते यांच्या जगात फ्रॉइडची परिभाषा अशी निःसंकोच येऊन बसली आणि कोणाला त्याचे फारसे नवलही वाटले नाही.

अडचण मात्र नावांची नव्हती. १९७८ च्या नियमांत लढाईची एक फेरी एका मिनिटाची आणि तिचे दहा भाग. मनोयुद्ध विचाराच्या वेगाने चालणार, म्हणून त्याची एकेक देवाणघेवाण एकेका भागात उरके. बाकीच्या खेळाडूंचा तलवारीचा एक वार होईपर्यंत मनःशक्तीवाल्याची अख्खी लढाई आटोपलेली असे, आणि तोवर उरलेल्यांनी बसून पाहायचे. शिवाय शंभरात एका फाशाने ज्याला हे लाभले, त्याच्याजवळ मूळ वर्गाचे सर्व सामर्थ्य होतेच. वर ही देणगी. मनःशक्ती वापरली, की ‘माइंड फ्लेयर’सारखे मेंदू खाणारे जीव मागावर येण्याचा धोकाही होता, पण तो साऱ्या चमूने वाटून घ्यायचा. टेबलाभोवती बसलेल्या मित्रांमध्ये असली विषमता रुचणे कठीण.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या ‘प्लेयर्स हँडबुक’मधून हा विषय वगळण्यात आला. तो परतला १९९१ मध्ये, स्टीव्ह विंटर यांच्या ‘द कम्प्लीट सायॉनिक्स हँडबुक’मधून. आता ‘सायॉनिसिस्ट’ नावाचा स्वतंत्र वर्गच होता. त्याच वर्षी ‘डार्क सन’ हे उजाड, रखरखीत जग आले. तेथे धातू दुर्मीळ, शस्त्रे हाडांची आणि काळ्या ज्वालाकाचेची, आणि मनःशक्तीचा अंश जवळपास प्रत्येकात. तरीही शस्त्र आणि मन या दोन्हींचे शिक्षण एकत्र घेणारा वर्ग नव्हता.

तो आला २००१ मध्ये. ब्रूस कॉर्डेल यांच्या ‘सायॉनिक्स हँडबुक’मध्ये ‘सायकिक वॉरियर’ हे नाव प्रथमच वर्ग म्हणून छापले गेले. पण या पुस्तकात मनःशक्तीच्या सहा शाखा आणि प्रत्येक शाखेला वेगळा मूळ गुण: एकीला बळ, दुसरीला चपळता, तिसरीला काटकपणा. सर्वच गुण उत्तम असल्याशिवाय पात्राचे पाऊल पुढे पडेना. २००४ च्या ‘एक्सपान्डेड सायॉनिक्स हँडबुक’ने ही गाठ सोडवली. सायकिक वॉरियरच्या सर्व शक्ती एकट्या शहाणपणावर आल्या, आणि हल्ला-बचावाचे जुने प्रकार इतर शक्तींच्या पंक्तीत जाऊन बसले.

हे पात्र घडवायला बसले, की पहिल्या पानावरच ठेच लागते. शक्ती वापरण्यासाठी पॉवर पॉइंट लागतात, आणि तक्त्यात पहिल्या पातळीसमोर आकडा आहे शून्य. जे काही मिळायचे ते शहाणपणातून. शहाणपण १३ असेल तर काहीच नाही. १४ असेल तर एक. एक शक्ती अवगत आहे आणि ती दिवसातून एकदाच वापरता येईल, अशी ही श्रीमंती. पूर्ण वेळ मनःशक्तीला वाहिलेला ‘सायॉन’ विसाव्या पातळीला ३४३ मूळ पॉइंट मिळवतो. सायकिक वॉरियर १२७. उलट शस्त्राच्या बाजूला पाहावे, तर विसाव्या पातळीला निव्वळ योद्ध्याला वारासाठी अधिक २० मिळतात, याला १५. योद्ध्याला ११ जादा फीट, म्हणजे विशेष कसबे, मिळतात, याला ८. दोन्ही घरचा पाहुणा, असे पहिल्या नजरेत वाटते.

तरी खरी गंमत त्या एका पॉइंटमध्ये आहे. नियमांत ‘सायॉनिक फोकस’ नावाची एक अवस्था आहे. पात्राने पूर्ण एक फेरी स्थिर चित्ताने घालवायची आणि वीस बाजूंच्या फाशात आपले एकाग्रतेचे कौशल्य मिळवून किमान २० गाठायचे. साधले, की मन ‘भरलेले’ राहते. ही एकाग्रता खर्चून ‘सायॉनिक वेपन’ या फीटने एका वाराच्या इजेत सहा बाजूंच्या दोन फाशांची भर पडते. दोन हातांनी पेलायच्या मोठ्या तलवारीची स्वतःची इजाही दोनच फाशांची. म्हणजे पात्याचा घाव दुप्पट. आणि यासाठी एकही पॉइंट खर्च होत नाही.

अट एकच. साठ्यातील पॉइंट शून्यावर आले, की एकाग्रता भंगते.

आता पहिल्या पातळीचा, काटकपणा १४ असलेला मानव घ्यावा. त्याचे जीवनांक १०. त्याने ‘व्हिगर’ ही शक्ती निवडली आहे. एक पॉइंट दिला, की तात्पुरते ५ जीवनांक मिळतात, म्हणजे आयुष्य दीडपट. पण तो एकुलता पॉइंट दिला, तर एकाग्रता गेली आणि तलवार पुन्हा साधी झाली. राखला, तर वार जबर. पण अंग उघडे. समोर भाला घेऊन शत्रू उभा असताना ही निवड करावी लागते. एकाग्रता एकदा वापरून झाल्यावर पुन्हा मिळवायची, तर कौशल्याचे ४ आणि काटकपणाचे २ धरून फाशावर किमान १४ पडायला हवेत; वीसांत सात संधी. म्हणून जाणते खेळाडू दार उघडण्यापूर्वीच मन स्थिर करून घेतात. मानवाला पहिल्याच पातळीला एकूण तीन फीट मिळतात. त्यांतील एक ‘सायॉनिक टॅलेंट’ला दिले, तर आणखी दोन पॉइंट येतात आणि हा पेच जरा सैल होतो. ‘डार्क सन’मधून आलेल्या अर्ध-दैत्याला तेवढेच दोन जन्मतःच मिळतात, मात्र त्याची किंमत एका पातळीइतकी धरली जाते. ‘एक्सपान्शन’ने आकार वाढवण्याचा मोह अनेकांना होतो, पण पहिल्या पातळीवर तो फार काळ टिकत नाही. ते काम पुढच्या पातळ्यांसाठी ठेवलेले बरे.

१९७८ च्या पात्राला मनःशक्ती हा लाभ होता. २००४ च्या पात्राला ती जमाखर्चाची वही आहे, आणि बहुतेक वेळा जमेची बाजू लंगडी. खेळाच्या दृष्टीने हे दुसरे पात्र कितीतरी अधिक जिवंत ठरले. टेबलावरील इतर कोणाचा वेळ न खाता त्याला प्रत्येक फेरीत स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो.

हे नियम खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे मूळ प्रकाशकाने वाट बदलल्यावरही वर्ग मेला नाही. २०१० मध्ये ‘ड्रीमस्कार्ड प्रेस’ने ‘सायॉनिक्स अनलीश्ड’ या पुस्तकातून त्याला ‘पाथफाइंडर’ खेळात आणले. मूळ खेळात त्याच वर्षी त्याची जागा ‘बॅटलमाइंड’ने घेतली. नोव्हेंबर २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये तो ‘साय वॉरियर’ म्हणून परतला, पण योद्ध्याची एक उपशाखा होऊन. तेथे शहाणपणाऐवजी बुद्धी आली आणि पॉइंट गेले. तिसऱ्या पातळीला त्याच्या हाती सहा बाजूंचे चार फासे दिले जातात. सोबत्यावरील घाव अडवायचा किंवा स्वतःचा वार जड करायचा, तर त्यांतील एक टाकायचा आणि पडेल तेवढ्यावर भागवायचे.