रिकामी गाडी

गेल्या साली कापसाच्या हंगामात आमच्या घरी एका माणसावर दारू प्याल्याचा आळ आला. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. दुसरीकडे अशा आळाने माणसाची नुसती अब्रू जाते. आमच्याकडे अब्रूमागोमाग पोलीसही येतात. आळ आला तो माझ्या थोरल्या बंधूंची जुनी पिकअप चालविणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरवर. सारे गाव त्यांना मामा म्हणते. सकाळी कापूस भरून ते हिंगणघाटच्या बाजाराला निघत, तेव्हा गाडी सुतासारखी सरळ जाई. संध्याकाळी माल विकून, रोकड घेऊन परतत, तेव्हा तीच गाडी रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला झोके खात येताना लोकांनी पाहिली होती. बाजार, रोकड, संध्याकाळ आणि झोके. लोकांनी बेरीज करायला वेळ लावला नाही.

"मामा, चावी ठेवा ओट्यावर," दादा म्हणाले.

मामांनी चावी ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, थेंब बी नाही घेतला जी. भरली असते तवा सरळ चालते. रिकामी झाली का भटकते. म्या काय करू?"

हे त्यांचे वाक्य कोणी ऐकून घेतले नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी मीही घेतले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते मनात घोळू लागले. दारू प्यालेला माणूस भरल्या गाडीत शुद्धीवर आणि रिकाम्या गाडीत धुंद, असा राहील कसा? मी मोटारीचा जाणकार नव्हे. शाळेत इतिहास शिकवितो. आणि कोणतीही वस्तू पुढे आली की ती अशी कशी झाली हे विचारण्याची खोड मला त्या विषयाने लावली आहे. तेव्हा मी चाकाचा इतिहास उघडला.

आमच्या वऱ्हाड-वर्ध्याकडच्या बंडीला स्टेअरिंग नसते. दोन चाके, मध्ये एक आस, पुढे धुरा आणि जू. दिशा असते ती बैलाच्या मानेत. गाडीवान डुलक्या घेत असला, नव्हे, झिंगलेला असला, तरी बैल त्याला घरच्या अंगणात आणून उभे करतात. चार चाकांची गाडी आली आणि ही सोय संपली. युरोपातल्या जुन्या बग्ग्यांत पुढची सबंध आसच एका मधल्या खिळ्यावर फिरे. वळताना चाके गाडीखाली सरकत, आधाराचा पाया आखूड होई आणि बग्गी कलंडे. इंग्लंडातल्या इरॅस्मस डार्विन या डॉक्टरने, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनच्या आजोबाने, यावर अठराव्या शतकात एक तोड काढली होती. पण ती प्रचारात आली नाही. पुढे १८१६च्या सुमारास म्यूनिकच्या लॅन्केनस्पर्गर नावाच्या बग्गी बनविणाऱ्या कारागिराने पुन्हा तीच वाट धरली: आस जागच्या जागी ठेवावी आणि तिच्या दोन टोकांना दोन खिळे बसवून प्रत्येक चाक आपापल्या खिळ्यावर वळवावे. १८१८ साली लंडनमध्ये याचे पेटंट घेतले ते त्याच्या वतीने रुडॉल्फ अ‍ॅकरमन याने. हा गृहस्थ पुस्तके आणि चित्रे छापून विकणारा. आज जगभरच्या मोटारींतली ती रचना अ‍ॅकरमनच्या नावाने ओळखली जाते आणि लॅन्केनस्पर्गर कोण हे कोणाला माहीत नसते. श्रेय आणि दोष या दोन्ही गोष्टी चुकीच्या दारात टाकण्याची माणसाची सवय जुनीच आहे.

कार्ल बेन्झसारख्या पट्टीच्या माणसानेही १८८६ सालच्या आपल्या पेटंटातली मोटार तीन चाकांचीच ठेवली, कारण चार चाके नीट वळविण्याचा प्रश्न त्याला सुटला नव्हता. तो सुटून त्याचे पेटंट व्हायला १८९३ साल उजाडले.

पण वळविणे ही अर्धी विद्या झाली. वळविल्यावर चाकाने आपण होऊन पुन्हा सरळ यावे, ही उरलेली अर्धी. तिचे मर्म सायकलीत दिसते. सायकलीचा पुढचा दांडा सरळ उभा नसतो. माथा मागे कललेला असतो. त्या दांड्याची रेषा मनाने जमिनीपर्यंत वाढवा. ती टेकते त्या जागेच्या किंचित मागे चाक जमिनीला टेकलेले असते. म्हणजे चाक नेहमी आपल्या खिळ्याच्या मागून ओढले जाते. वासराला दाव्याने पुढून ओढले तर ते मुकाट मागे येते. मागून ढकलले तर दहा दिशांना जाते. तसेच हे. मोटारीत ज्यावर चाक वळते त्या खिळ्याला किंगपिन म्हणतात आणि त्याच्या या मागे कलण्याला कॅस्टर. कल पुरेसा असला की गाडी सरळ धावते. कमी झाला की ती ढकललेल्या वासरासारखी भटकते.

ही युक्ती इंजिनात नसते. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले; १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्या दिवसांत इंजिन काढलेल्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपीत आणि विनोदाने तिला 'ऑक्सफर्ड' म्हणत. ओढणारे बैल असले तरी पुढची चाके मोटारीचीच, आपापल्या खिळ्यांवर वळणारी. एकाच गाडीत बैलाची मान आणि मोटारीचे चाक अशी दोन युगे जुंपलेली दुसरीकडे कुठे असतील असे मला वाटत नाही.

पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जुळवावयास आरंभ केला. पुढे एक सबंध लोखंडी आस, ती पाट्यांच्या कमानींवर टांगलेली, असा तिचा बांधा. दादांची पिकअप त्याच वळणाची. जीपच्या माहितीपुस्तकात हा कॅस्टर ३ अंश सांगितला आहे. ३ अंश म्हणजे किती, हे शाळेच्या कोनमापकावर पाहा. नखाएवढे अंतर दिसेल.

रविवारी मी कंपासपेटी आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन गोठ्यापाशी गेलो. मामांना बोलावून घेतले. आधी प्ले तपासला: मी आत बसून चाक थोडे थोडे डावे-उजवे करायचे आणि मामांनी खाली पडून कोणता सांधा हलतो आणि पुढचा कोणता हलत नाही, हे पाहायचे. जेथे हालचाल हरवते तेथे झीज. सगळे सांधे एका तालात हलत होते. मग जॅक लावून पुढची चाके वर-खाली धरून हलविली. किंगपिन घट्ट, बेअरिंग घट्ट. टायरांतली हवाही बरोबर. एक गोष्ट मात्र सापडली. मागे एका मिस्त्र्याने भटकणे थांबविण्यासाठी स्टेअरिंगच्या पेटीचा स्क्रू करकचून आवळला होता. त्यामुळे चाक जड झाले होते आणि आपण होऊन परत फिरत नव्हते. औषधानेच दुखणे वाढविले होते.

पण मूळ दुखणे ते नव्हे. मी चार पावले दूर जाऊन गाडीकडे पाहिले. उतारावर पाय रोवून उभ्या राहिलेल्या बैलासारखा तिचा मागचा भाग उंच होता.

"मामा, मागच्या कमानीला काही केले होते का?"

"दोन पाटे वाढवले न जी, पावसाळ्याच्या अगुदर. माल जास्त बसावा म्हणून."

ओळंबा सोडून, माप घेऊन पाहिले. मागची बाजू ३ इंच वर गेली होती. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर सुमारे १०० इंच. म्हणजे सबंध सांगाडा जवळजवळ पावणेदोन अंश पुढे झुकला होता आणि त्याच्याबरोबर किंगपिनही. ३ अंशांतले उरले सव्वा. कापूस भरला की मागचा भाग दबे, कल परत येई, गाडी शहाणी होई. बाजारात माल उतरला की मागचा भाग उठे आणि गाडी झिंगे. मामांनी ओट्यापाशी सांगितले होते ते सारे निदान होते. मला त्याला फक्त आकडे लावावे लागले.

पाटे वाढविण्याचा हुकूम कोणाचा, हे मी विचारले नाही. दादा ओट्यावरून सारे पाहात होते.

सोमवारी एक पाटा काढला, पेटीचा स्क्रू सैल केला आणि पुढच्या आसेखाली, किंगपिनचा माथा मागे कलेल अशा बेताने, लोखंडाच्या दोन पाचरी बसविल्या. मराठीत पाचर मारणे म्हणजे काम बिघडविणे. येथे मात्र पाचरीनेच काम झाले.

मंगळवारी दादा स्वतः मामांच्या शेजारी बसून हिंगणघाटला गेले. परत आले तेव्हा दिवस मावळला होता. पुढे काय झाले ते मला दादांनीच सांगितले. गावच्या सरळ रस्त्याला लागल्यावर मामांनी चाकावरचे दोन्ही हात काढले, खिशातून चुन्याची डबी घेतली आणि सावकाश तंबाखू मळायला घेतली. गाडी रिकामी होती. दादांनी बाहेर शेताकडे पाहिले आणि मामांपुढे तळहात केला.