रानातील सीताफळ आणि नावाची साक्ष

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडील खडकाळ टेकड्यांवर, तसेच बालाघाटाच्या कोरड्या उतारांवर सीताफळाची झाडे कोणी न लावता वाढलेली दिसतात. त्यावरून हे झाड या भूमीचे मूळचेच, असे मानण्याकडे सहज कल होतो. या समजाची तपासणी भाषेच्या साक्षीने करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

वादाचा आरंभ अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यापासून होतो. भारहुत स्तूपावरील १८७९ च्या ग्रंथात त्यांनी तेथील शिल्पांत सीताफळ ओळखले व ते कोलंबसपूर्व काळापासून भारतात असल्याचे प्रतिपादिले. आल्फाँस द कांदोल यांनी मात्र या फळाचे मूळ अमेरिकेत ठरविले. शिल्पातील खवलेदार गोल आकृती कदंबपुष्पाचीही असू शकते. आणि ज्याचा पाला गुरे खात नाहीत व ज्याच्या कठीण बिया दूरवर रुजतात, ते झाड परके असूनही रानात पसरू शकते. रानटी म्हणजे मूळचे नव्हे.

'सीताफळ' हे नाव संस्कृत वळणाचे आहे, म्हणून ते प्राचीन ठरत नाही. 'भुईमूग' हा शब्द अस्सल मराठी. पीक मात्र दक्षिण अमेरिकेतले. उत्तर भारतात काही ठिकाणी 'सीताफल' म्हणजे लाल भोपळा, आणि तोही अमेरिकेतूनच आलेला. शिवाय रामफळ, सीताफळ, लक्ष्मणफळ ही नावे एकाच साच्यातली आहेत. एका जातीची फळे ओळखीची झाल्यावर ती बेतली गेली असावीत.

याउलट मोहाकडे पाहावे. तमिळ 'इरुप्पै', तेलुगू 'इप्प' आणि मोहाची गोंडी नावे एकाच द्राविड मुळापासून आली आहेत. बरो व एमेनो यांच्या द्राविड व्युत्पत्तिकोशात (१९६१) ती एकत्र दिली आहेत. या भाषा विभक्त होण्यापूर्वीच ते झाड परिचयाचे होते, असा याचा अर्थ. सीताफळाला तमिळ व तेलुगू भाषांत 'सीता' हाच शब्द घेऊन बनलेली नावे आहेत. जुने देशी नाव एखाद्या भाषेतून लोपणे शक्य आहे. परंतु ते सर्व भाषांतून एकाच वेळी लोपावे, हे संभवत नाही.

उत्तर प्रदेशातील टोकवा येथील उत्खननात मिळालेल्या सीताफळाच्या जळक्या बीवरून हे फळ कोलंबसाच्या पुष्कळ आधी भारतात होते, असा दावा २००९ साली 'रेडिओकार्बन' या नियतकालिकात झाला. तो सर्वमान्य नाही. तो खरा ठरला, तरी गोंडवनातील लोकांना हे झाड केव्हा ओळखीचे झाले, हा प्रश्न उरतोच. वनस्पतीचा जन्म नाव सांगत नाही. माणसाशी तिची भेट मात्र सांगते.

म्हणून विद्यार्थ्यांनी गोंडी, माडिया, हलबी व तेलुगू भाषकांकडून एकाच झाडाची नावे गावोगाव टिपून घ्यावीत. उसने नाव कोणते व वारशाने आलेले कोणते, हे त्यातूनच निवडता येईल. आणि ज्यांनी लेख कोरले नाहीत त्यांच्या इतिहासाला तेवढाच आधार लाभेल.