माग पुसणाऱ्याची साक्ष : रिचर्ड कोल यांचे लेड झेपलिन-कथन

रॉक संगीताच्या इतिहासलेखनात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक वेगळा आत्मकथनप्रकार रूढ झाला. या प्रकारातील निवेदक वादक नसतो, गायक नसतो, समीक्षकही नसतो. तो असतो वाद्यवृंदाच्या दौऱ्यांवर अहोरात्र सोबत राहिलेला कर्मचारी. रोलिंग स्टोन्सच्या गोटात वावरलेल्या टोनी सँचेझ यांचे पुस्तक १९७९ मध्ये आले. ‘द हू’चा ड्रमवादक कीथ मून याचे सहायक डूगल बटलर यांचे पुस्तक १९८१ मध्ये, तर ‘द क्लॅश’चे रोड मॅनेजर जॉनी ग्रीन यांचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. या परंपरेतील सर्वांत वादग्रस्त संहिता म्हणजे लेड झेपलिनचे टूर मॅनेजर रिचर्ड कोल (१९४६–२०२१) यांनी रिचर्ड ट्रुबो यांच्यासह लिहिलेले ‘स्टेअरवे टू हेवन : लेड झेपलिन अनसेन्सर्ड’ (१९९२) हे पुस्तक होय.

अशा लेखनाबाबत दोन भूमिका सर्रास घेतल्या जातात. निवेदक ‘आतला माणूस’ असल्याने त्याचे म्हणणे खरे, ही पहिली. पुस्तक खपासाठी लिहिलेले असल्याने इतिहासाचे साधन म्हणून ते त्याज्य, ही दुसरी. दोहोंतही निवेदकाचे दौऱ्यातील नेमके काम काय होते, हा प्रश्न विचारला जात नाही. कोल यांच्या कथनाचे स्वरूप या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

कोल हे मूळचे बांधकामावर परांची बांधणारे कामगार. साठच्या दशकात ते वाद्यवृंदांच्या दौऱ्यांच्या व्यवस्थेत शिरले आणि व्यवस्थापक पीटर ग्रँट यांच्या हाताखाली यार्डबर्ड्सकडून १९६८ मध्ये लेड झेपलिनकडे आले. पुढील दशकात या धंद्याचे अर्थकारण पालटले. ग्रँट यांनी मैफलीच्या उत्पन्नातील नव्वद टक्के वाटा वादकांसाठी मागण्यास सुरुवात केली. ५ मे १९७३ रोजी टँपा येथे ५६,८०० श्रोते जमले. त्याच वर्षापासून अमेरिकेतील प्रवासासाठी ‘स्टारशिप’ हे बोइंग ७२० विमान भाड्याने घेतले जाऊ लागले. मोठा व्यवहार रोखीत होई आणि ती रोकड सांभाळणे हे टूर मॅनेजरच्या कामाचा भाग होते. हॉटेलात मोडतोड झाल्यास भरपाई चुकती करणे, पोलिसांना व पत्रकारांना दूर ठेवणे, दुसऱ्या दिवशी वेळेवर मंडळींना विमानात बसविणे, हेही त्याच्याकडेच. थोडक्यात, रात्रीच्या हुल्लडीचे परिणाम सकाळपर्यंत नाहीसे करण्याचे वेतन त्याला मिळत असे. ज्याचे काम माग पुसण्याचे होते, तोच पुढे त्या मागाचा लेखक झाला. या कथनातील मूळ अंतर्विरोध हाच.

या नोकराची व्यवस्थेतील जागा जुलै १९७३ मधील घटनेने उघड होते. न्यूयॉर्कच्या ड्रेक हॉटेलातील तिजोरीतून दोन लाख डॉलर्सच्या आसपास रोकड नाहीशी झाली. चोरी कोल यांच्याच लक्षात आली आणि संशयही प्रथम त्यांच्यावरच आला. असत्यशोधक यंत्रावरील चाचणीत ते निर्दोष ठरले. चोर कधीच सापडला नाही. मालकाचे सर्व गुपित हाती असणे आणि संकटकाळी प्रथम आरोपी ठरणे, या दोन्ही गोष्टी एकाच पदाच्या बाजू आहेत. पुढे कोल यांच्या निवेदनात जवळिकीचा अभिमान आणि दुखावलेपण यांची जी सरमिसळ जाणवते, तिचे मूळ येथे शोधता येईल.

दुसरा प्रश्न संहितेच्या कर्तृत्वाचा. कोल यांच्या आठवणी १९९२ पूर्वीच छापील झाल्या होत्या. स्टीफन डेव्हिस यांच्या ‘हॅमर ऑफ द गॉड्स’ (१९८५) या पुस्तकाचे ते प्रमुख माहीतगार होते. म्हणजे त्यांचे कथन आधी दुसऱ्याच्या ग्रंथात साधनसामग्री म्हणून आले आणि नंतर सहलेखकाच्या हातून आत्मकथन झाले. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची १९०७ ची वैद्यकृत आवृत्ती आणि १९६६ ची पोतदारसंपादित मूळ संहिता ताडून पाहिलेल्या मराठी अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. साक्षीदाराचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो संपादकाच्या हातातून. कोल यांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. मद्य व अमली पदार्थ सोडलेल्या माणसाने नशेतील वर्षांचे केलेले हे स्मरण आहे. पश्चात्तापाची चौकट आणि पराक्रमकथेचा रंग ही दोन्ही त्यात एकत्र नांदतात.

१९६९ मधील सिअ‍ॅटलच्या प्रसंगावरून हे स्पष्ट व्हावे. खाडीकाठच्या एजवॉटर इन या हॉटेलात खिडकीतून गळ टाकता येत असे. तेथे एक तरुणी आणि पकडलेला मासा यांच्यासंबंधी जो अश्लील प्रसंग घडल्याचे सांगितले जाते, त्याची एक आवृत्ती फ्रँक झॅपा यांच्या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत व्हॅनिला फज या दुसऱ्या वाद्यवृंदाच्या नावे आढळते. डेव्हिस व कोल यांच्या पुस्तकांत ती लेड झेपलिनची दंतकथा होते. मासा कोणता, करणारा कोण, पाहणारे कोण, हे तपशील आख्यायिकेप्रमाणे बदलत राहतात. एक गोष्ट मात्र बदलत नाही : त्या तरुणीला नाव नाही आणि बोलणेही नाही. तिच्या संमतीची ग्वाही निवेदकच देतो. ‘अनसेन्सर्ड’ म्हणविणाऱ्या या कथनाची खरी काटछाट येथे आहे.

हे मौन अपरिहार्य नव्हते, हे ओकलंडच्या प्रकरणावरून दिसते. २३ जुलै १९७७ रोजी तेथील मैफलीच्या वेळी रंगमंचामागे आयोजक बिल ग्रॅहम यांच्या एका कर्मचाऱ्याला बेदम मारहाण झाली. ग्रँट यांच्या लहान मुलाला ड्रेसिंग रूमची पाटी घेऊ दिली नाही, हे निमित्त. दुसऱ्या दिवशीची मैफल होण्याआधी ग्रॅहम यांच्याकडून दायित्वमुक्तीच्या कागदावर सही मागण्यात आली. माग पुसण्याची रीत येथे अक्षरशः दस्तऐवज झाली. तो कागद टिकला नाही. ग्रँट, ड्रमवादक जॉन बॉनहॅम, सुरक्षारक्षक जॉन बिंडन आणि स्वतः कोल यांच्यावर आरोप ठेवले गेले. चौघांनीही आरोपांना आव्हान दिले नाही आणि त्यांना दंड व स्थगित कारावासाची शिक्षा झाली. ग्रॅहम यांचे रॉबर्ट ग्रीनफील्ड यांनी सिद्ध केलेले मरणोत्तर आत्मचरित्रही १९९२ चेच. ते मौखिक इतिहासाच्या पद्धतीने रचले असल्याने त्यात ग्रॅहम यांचे कर्मचारी आपापल्या आवाजात बोलतात. एकाच वर्षी, एकाच घटनेविषयी, दौऱ्याच्या दोन बाजूंच्या नोकरांची साक्ष उपलब्ध झाली. कोल यांचे पुस्तक एकट्याने वाचणे ही म्हणूनच अभ्यासातील चूक ठरते. तेथे साक्षीदार हाच आरोपीही आहे.

या वाङ्मयप्रकाराची आणखी एक मर्यादा आहे. हुल्लडीच्या कथनात संगीताचे काम दिसेनासे होते. जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थानिक वादकांसह ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ या रचनांचे ध्वनिमुद्रण केले. २०१५ मध्ये ते ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. हॉटेलांतील प्रसंगांप्रमाणे हे काम आठवणींवर सोपवावे लागत नाही, ते ऐकून तपासता येते. परंतु गीतांच्या शीर्षकांपुढे श्रेय आहे ते ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या सामूहिक नावाला. सिअ‍ॅटलच्या तरुणीचे अनामिकत्व आणि मुंबईच्या वादकांचे अनामिकत्व यांची जात निश्चितच भिन्न आहे. तरीही नाव कोणाला मिळते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच राहतो.

हयात वादकांनी कोल यांच्या पुस्तकाविषयी नाराजी व्यक्त केली. तपशिलांच्या चुका दाखविण्याचा त्यांचा अधिकार मान्य करूनही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : नोकर बोलल्याखेरीज या व्यवस्थेची पैशाची, धाकाची आणि भरपाईची यंत्रणा आपल्याला कळली नसती. मात्र सान्निध्य म्हणजे सर्वज्ञता नव्हे. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनहॅम यांचा मद्यपानाने मृत्यू झाला आणि वाद्यवृंदाचा अंत झाला. त्या वेळी कोल इटलीतील तुरुंगात होते. बोलोन्या येथील बाँबस्फोटासंबंधीच्या, पुढे निराधार ठरलेल्या संशयावरून त्यांना तेथे अटक झाली होती. ज्या शेवटाकडे त्यांचे सारे कथन जाते, तो शेवट त्यांना इतरांप्रमाणेच दुसऱ्याच्या तोंडून कळला. त्यांचे पुस्तक इतिहासाचे साधन म्हणून अवश्य वापरावे. परंतु तो वादकांचा इतिहास म्हणून नव्हे, तर त्यांच्यासाठी काम केलेल्या, त्यांच्या कृत्यांत सामील झालेल्या आणि त्या कृत्यांची किंमत इतरांना मोजून दिलेल्या माणसाची जबानी म्हणून.