विषमतेच्या मापाची कुळकथा

एकाच प्रश्नावर झालेल्या अनेक अभ्यासांची उत्तरे क्वचितच तंतोतंत जुळतात. या तफावतीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक निव्वळ योगायोग: तेच औषध, तशीच माणसे, तरी दर वेळी आकडा थोडा इकडेतिकडे होतो, अभ्यास मोठा असला की हा फरक कमी होतो. दुसरी खरी भिन्नता: ठिकाण, माणसे, मात्रा किंवा पद्धत बदलल्यामुळे परिणामच वेगळा झालेला असतो. या दुसऱ्या गोष्टीला सांख्यिकीत विषमता म्हणतात. योगायोगातून ती वेगळी काढून मोजायची कशी, याचा शोध शतकाहून अधिक काळ चालला.

त्याचा पहिला धागा वेधशाळेत सापडतो. ग्रिनिचचे राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८६१ च्या आपल्या पुस्तकात एक अडचण मांडली. एका दिवशीची निरीक्षणे आपसात जुळतात, पण दुसऱ्या दिवशीच्या निरीक्षणांशी जुळत नाहीत. त्या त्या दिवसाची अशी एक चूक असते, जी त्या दिवसाच्या सर्व निरीक्षणांना सारखीच चिकटते. त्या दिवशी आणखी कितीही निरीक्षणे घेतली तरी ती जात नाही. ‘दिवस’च्या जागी ‘अभ्यास’ ठेवला की आजची कल्पना जवळपास तयारच आहे.

वैद्यकाच्या वाटेवर हा प्रश्न कार्ल पिअर्सन यांच्यापुढे आला. आल्म्रोथ राइट यांची विषमज्वराची लस ब्रिटिश सैनिकांना दिली गेली होती. दक्षिण आफ्रिकेतील पलटणी आणि भारतातील सैन्य यांचे आकडे पिअर्सन यांनी १९०४ मध्ये एकत्र मांडले. लस आणि रोगापासून बचाव यांच्यातील सहसंबंध लेडीस्मिथच्या शिबंदीत ०.४४५ होता, तर एका गटात अवघा ०.०२१. पाच गटांची सरासरी सुमारे ०.२३ आली. पिअर्सन सरासरीवर थांबले नाहीत. गटागटांतला हा अनियमितपणा त्यांना खटकला. लस घ्यायला स्वतःहून पुढे येणारे सैनिक मुळातच जास्त जपून राहणारे असतील, ही शंकाही त्यांनी नोंदवली.

मोजण्याची खरी रीत मात्र शेतात घडली. रोनाल्ड फिशर यांनी एकूण प्रचरणाची, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरणीच्या मापाची, कारणांनुसार फोड करण्याची पद्धत रूढ केली होती. त्यांच्या मागोमाग इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड शेती-संशोधन केंद्रात विल्यम कॉक्रन काम करू लागले. एकच खत किंवा वाण अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत तपासले जाई आणि उत्तरे वेगवेगळी येत. कॉक्रन यांनी १९३७ मध्ये, आणि फ्रँक येट्स यांच्यासह १९३८ मध्ये, या गटवार प्रयोगांचे गणित मांडले. अचूक प्रयोगाला जास्त वजन देणे शहाणपणाचे वाटते. पण परिणामच जागेगणिक बदलत असेल, तर एखाद्या नेटक्या प्रयोगाचे शेत सगळ्या मुलखाच्या वतीने बोलू लागते. तिथे साधी सरासरीच बरी, असे त्यांनी दाखवले. वैद्यकीय संशोधनाला हा मुद्दा पचायला पुढे बराच वेळ लागला.

१९५४ च्या लेखात कॉक्रन यांनी ही मांडणी पुढे नेली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘क्यू’ हे माप असे: प्रत्येक अभ्यासाचे भारित सरासरीपासूनचे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, त्या अभ्यासाच्या प्रचरणाने भागायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. फरक केवळ योगायोगाचा असेल, तर ही बेरीज अभ्यासांच्या संख्येहून एकने कमी, त्याच्या आसपास येते.

अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडण्याच्या या कामाला जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये ‘मेटा-ॲनालिसिस’ हे नाव दिले. मग १९८६ मध्ये रेबेका डरसिमोनियन आणि नान लेर्ड यांनी ‘क्यू’च्या अपेक्षेपेक्षा जास्त भरलेल्या भागातून अभ्यासांमधले खरे प्रचरण काढण्याचे सोपे सूत्र दिले. हे प्रचरण ‘टाऊ-वर्ग’ या नावाने ओळखले जाते. भिन्नता खरी आहे की नाही हे ठरवणारी ‘क्यू’ची चाचणी थोड्या अभ्यासांत दुबळी पडते आणि पुष्कळ अभ्यासांत क्षुल्लक फरकावरही बोट ठेवते. म्हणून ज्युलियन हिगिन्स आणि सायमन थॉम्पसन यांनी २००२ मध्ये ‘आय-वर्ग’ सुचवला: एकूण तफावतीतला किती टक्के भाग योगायोगापलीकडचा आहे, याचा अंदाज.

क्षयावरील बीसीजी लशीच्या १३ चाचण्यांत या मापांचे काम उघड दिसते. ग्रॅहम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्यांचा आढावा घेतला. कॅनडातील चाचणीत क्षयाचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटला होता. तमिळनाडूतील चिंगलपेटच्या प्रचंड चाचणीत लस घेतलेले आणि न घेतलेले यांत जवळपास फरकच नव्हता. अपेक्षित ‘क्यू’ १२, प्रत्यक्षात सुमारे १५२. त्यामुळे आय-वर्ग ९२ टक्के. विषुववृत्तापासून दूर जावे तसा लशीचा गुण वाढतो, असे आढळले. उष्ण प्रदेशातील माती-पाण्यातले क्षयजंतूंचे भाऊबंद यामागे असावेत, हे त्यावरचे एक स्पष्टीकरण.

आय-वर्गालाही मर्यादा आहे. तो टक्का सांगतो, फरकाचे प्रत्यक्ष आकारमान सांगत नाही; अभ्यास मोठे होत गेले की तेवढ्याच भिन्नतेलाही तो फुगतो. त्यामुळे आता सरासरीसोबत भाकीत-पल्लाही देतात, म्हणजे पुढच्या नव्या ठिकाणी परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकेल ते. सरासरीने पाहता बीसीजी धोका जवळपास निम्म्यावर आणते, लस न घेतलेल्यांच्या ०.४९ पट. पल्ला मात्र साधारण ०.१५ पटीपासून १.५५ पटीपर्यंत पसरतो.