पुलगाव-आर्वी, व्हाया जपान

शकुंतला म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर येतं. पेपरवाले दर दोन-तीन वर्षांनी तिच्यावर एक भावुक फीचर करतात, त्यात हमखास एक वाक्य असतं की स्वातंत्र्य मिळालं तरी ही रेल्वे अजून इंग्रजांचीच! आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या तिच्या धाकट्या बहिणीकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. पुलगाव ते आर्वी. अवघा ३५ किलोमीटरचा एकेरी रूळ, रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मधे विरूळ, रोहणा अशी गावं. मोठ्या बहिणीच्या कितीतरी आधी ही बंद पडली, तेव्हा फेसबुकही नव्हतं आणि ड्रोनही नव्हते, त्यामुळे हळहळ वाटणारे लोक गावातल्या गावातच राहिले.

मी नागोयाला ऑनसाइट होतो तेव्हा शनिवार-रविवारी काय करायचं हा मोठा प्रश्न असायचा. टीममधले बाकीचे लोक मॉलमध्ये जायचे. मला जपानच्या खेड्यापाड्यातल्या छोट्या रेल्वेंचं वेड लागलं. डोंगर, भातखाचरं, एक डब्याची गाडी, स्टेशनवर माणूस नाही, चढताना कागदाचं एक चिटोरं घ्यायचं आणि उतरताना ड्रायव्हरच्या शेजारच्या डब्यात पैसे टाकायचे. निवांत काम. त्यातच एकदा कुवानाला गेलो. नागोयापासून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत. तिथल्या मोठ्या स्टेशनाला खेटून निशी-कुवाना नावाचं एक छोटंसं स्टेशन आहे, आणि तिथून होकुसेई लाइन नावाची रेल्वे आगेकीपर्यंत जाते. २०.४ किलोमीटर, वेळ साधारण एक तास. डबा इतका अरुंद की समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे जवळजवळ एकमेकांना लागतात. वाटेत सोहारा स्टेशनाजवळ काँक्रीटच्या ठोकळ्यांचे दोन जुने कमानी पूल आहेत, १९१६ चे. त्यातला एक तिरपा आहे, म्हणून त्याचे ठोकळे पिळल्यासारखे रचलेत. फोटोवाले लोक भाताच्या बांधावर ट्रायपॉड लावून तासन् तास उभे असतात.

या रेल्वेची रुंदी बघितली तर ७६२ मिलिमीटर! सुरू झाली १९१४ मध्ये. आपली पुलगाव-आर्वी १९१७ ची. एकाच मापाचा रूळ, वयात तीन वर्षांचा फरक, दोन्ही एकेरी, दोन्ही शेतीच्या मुलुखातल्या. एक अजून धावते, दुसरीचे रूळ गवतात गेले. असं का झालं, हे शोधायला बसलो आणि शनिवार-रविवार कमी पडायला लागले.

आधी आपली गोष्ट. आपल्याकडे सगळं कापसापासून सुरू होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-मध्यप्रांताच्या काळ्या मातीला अचानक भाव आला. वर्धा जिल्हा वेगळा झाला तो १८६२ मध्ये, ऐन त्याच धामधुमीत. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वर्धा शहर आज जिथे आहे तिथे त्याआधी पालकवाडी नावाचं खेडं होतं. रेल्वे आली आणि १८६६ मध्ये आखून-रेखून जिल्ह्याचं ठाणं वसवलं. पुलगावचं नाव तर वर्धा नदीवरच्या रेल्वेच्या पुलावरूनच पडलं असं सांगतात. कापसासाठी इंग्रजांनी खास कॉटन कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नॅक. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या जाती 'हिंगणघाट' आणि 'ऊमरा' अशा नावांनी विकल्या जायच्या. ऊमरा म्हणजे आपली उमरावती.

पण मुख्य लाइन झाली तरी कापूस काही रुळाशेजारी पिकत नाही ना. आर्वीचा, आष्टीचा माल बंड्यांमधून पुलगावला यायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की बैलही हात टेकतात (बैलांना हात नसतात हे मला माहीत आहे :)). म्हणून शाखा हव्यात. ब्रॉडगेज शाखा परवडत नाही, म्हणून अरुंद.

इथे बार्शीचा उल्लेख केलाच पाहिजे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे चालू करून दाखवली. त्याची आयडिया साधी होती. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, मग रूळ हलका चालतो, पूल हलके चालतात, पण डबे मात्र चांगले लांब करता येतात. थोडक्यात, हार्डवेअर स्वस्त आणि थ्रूपुट भरपूर. बार्शी लाइट पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. त्या यशानंतर अडीच फूट हे माप शाखांसाठी रुळलं.

आमच्या भागात हे काम केलं मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने. १८५७ पासूनची ही एजन्सी. तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एलिचपूर (आताचं अचलपूर) आणि यवतमाळ या लाइन १९१३ ते १९१६ च्या दरम्यान उघडल्या, पुलगाव-आर्वी १९१७ मध्ये, आणि दारव्हा-पुसद १९३१ मध्ये. पेपरात शकुंतलेचं साल सर्रास १९०३ छापतात. कंपनी १९१० ची आणि रेल्वे १९०३ ची, हे गणित मला काही जमत नाही.

धंद्याचं मॉडेल मजेशीर होतं. किलिक निक्सनने भांडवल घालायचं, रूळ कंपनीच्या मालकीचे. गाडी चालवायची जीआयपीने. आणि सरकारचं त्या काळात शाखा रेल्वेंसाठी धोरणच असं होतं की शाखेमुळे मुख्य लाइनला जो जास्तीचा माल मिळतो, त्याच्या कमाईतून शाखेच्या भागधारकांना ठरावीक टक्क्यांपर्यंत भर घालून द्यायची, किंवा थेट हमी द्यायची. म्हणजे शाखा स्वतः नफ्यात असलीच पाहिजे असं नव्हतं. ती फीडर होती. तिचं मोल पुलगावला ब्रॉडगेजमध्ये चढणाऱ्या गाठींवर मोजलं जायचं. एक गाठ हिशोबाला ४०० पौंडांची. पुलगावला गेज बदलायचं, म्हणजे प्रत्येक गाठ हमालाने छोट्या डब्यातून काढायची आणि मोठ्या डब्यात चढवायची. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिममधला इंटरफेस, आणि तोही मॅन्युअल.

आता इथे मला खरा धक्का बसला. सगळे लोक म्हणतात की हा कापूस मँचेस्टरला जायचा. शकुंतलेचं झेडडी जातीचं इंजिन मात्र खरंच मँचेस्टरचं होतं, १९२१ मध्ये बनलेलं. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्याने गाडी ओढली. पण कापूस? आपला कापूस आखूड धाग्याचा. अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर लँकेशायरला तो फारसा नको होता, त्यांना लांब धागा लागायचा. आखूड धाग्याचं गिऱ्हाईक दुसरंच निघालं. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कायशा या जपानी कंपनीने मुंबई-कोबे बोट सुरू केली, जमशेटजी टाटांना बरोबर घेऊन. जपानी गिरण्या वेगवेगळ्या देशांचा कापूस मिसळून सूत काढण्यात पटाईत होत्या आणि त्यांना स्वस्त हिंदी कापूस हवाच होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, म्हणजे पुलगाव-आर्वी सुरू झाली त्या काळात, हिंदुस्थानच्या कापसाचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक जपान होतं. इंग्लंड नव्हे!

हे प्रकरण किती मोठं होतं बघा. १९३३ मध्ये सरकारने जपानी कापडावर जकात वाढवली, तर जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापूस घेणंच बंद केलं. शेवटी १९३४ मध्ये करार झाला: जपानने वर्षाला दहा लाख गाठी घ्यायच्या, तर त्याला ३२.५ कोटी यार्ड कापड इथे विकता येईल; पंधरा लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी यार्ड. आर्वीच्या बाजारातला भाव ओसाकाच्या मूडवर हलायचा तो असा. आणि होकुसेई लाइन जिथे सुरू होते त्या कुवानाच्या शेजारचं गाव योक्काइची. तिथली मिए बोसेकी ही सूतगिरणी १९१४ मध्ये ओसाका बोसेकीमध्ये मिसळून तोयो बोसेकी झाली, जपानच्या सगळ्यात मोठ्या गिरण्यांपैकी एक. आर्वीची एखादी गाठ तिथपर्यंत गेली असेल का? पुरावा नाही, पण मी तरी गेली असंच धरून चाललोय.

बरं, कापूस जायचा तसे लोकही जायचे. एकेरी मार्गावर गाडी चालवणं हा एक सुंदर प्रॉब्लेम आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर संपलंच. म्हणून इंग्रजांनी टोकन काढलं. दोन स्टेशनांच्या मधल्या तुकड्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघतं, आणि ते हातात असल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचं नाही. भारतात लोखंडी गोळा, जपानमध्ये टॅब्लेट नावाची धातूची चकती. ज्यांनी मल्टिथ्रेडिंग केलंय त्यांना हे वाचून हसू येईल, कारण हा सरळसरळ म्यूटेक्स आहे, शंभर वर्षांपूर्वीचा आणि कधी हँग न होणारा. शकुंतलेवर शेवटी शेवटी तर तेवढंही लागत नव्हतं. गाडीच एक, टक्कर कोणाशी होणार! गार्डच तिकिटं फाडायचा, तोच उतरून सिग्नल बघायचा.

(जाता जाता: गांधीजींची 'थर्ड क्लास इन इंडियन रेल्वेज' ही पुस्तिका १९१७ चीच. पुढे १९३६ मध्ये ते आमच्याच जिल्ह्यात सेगावला येऊन राहिले. ते वेगळं प्रकरण आहे, पुन्हा कधीतरी.)

मग बिघडलं कुठे? जीआयपी १९२५ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली. पण किलिक निक्सनच्या या लाइन ताब्यात घ्यायच्या राहिल्या. रूळ कंपनीचे, गाडी मध्य रेल्वेची, करार दर दहा वर्षांनी पुढे ढकलायचा. 'इंग्रजांना अजून भाडं देतो' ही ओळ वाचायला छान आहे, पण स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सनच भारतीयांच्या हातात गेली होती. माझ्या मते इंग्रज हा इथला मुद्दाच नाही. मुद्दा आहे की रूळ ज्याचे त्याला गाडी चालवायची नाही, आणि गाडी जो चालवतो त्याचे रूळ नाहीत. मग खर्च कोण करणार? स्लीपर कुजले की वेग कमी करायचा. शकुंतला शेवटी ताशी २० किलोमीटरच्या आसपास रखडत होती. दरम्यान माल ट्रकवर गेला. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली, कापूस सरकारी केंद्रावर बंडी नाहीतर ट्रॅक्टरने जायला लागला. आर्वीच्या माणसाला एसटी घरासमोरून मिळायला लागली. फीडरचा हिशोब ज्या गाठींवर उभा होता, त्या गाठीच गेल्या.

होकुसेईचंही अगदी हेच होणार होतं बरं का. किंतेत्सू या मोठ्या खासगी रेल्वे कंपनीकडे ती लाइन होती आणि २००० मध्ये त्यांनी सांगून टाकलं की आम्ही बंद करतोय. तोटाच होता, त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मिए प्रांताने आणि मार्गावरच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन जमीन विकत घेतली, तोट्यासाठी पैसे बाजूला काढले आणि सांगी नावाच्या छोट्या स्थानिक रेल्वे कंपनीला गाडी चालवायला दिली. १ एप्रिल २००३ पासून. त्यांनी काय केलं, तर जवळजवळची स्टेशनं एकत्र केली, वेग वाढवला, तिकिटाची ऑटोमॅटिक गेटं बसवली, गाड्या लावायला पार्किंग केलं. सीनरी विकत बसले नाहीत. सकाळी त्या गाडीत शाळेची पोरं खच्चून भरलेली असतात, मी स्वतः बघितलंय.

जपान म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाही. १९८० नंतर तिथल्या सरकारी रेल्वेने ८३ तोट्यातल्या लाइनची यादी काढली, त्यातल्या ४५ च्या जागी सरळ बस आली. चोशी नावाची ६.४ किलोमीटरची रेल्वे २००६ पासून तांदळाची बिस्किटं विकून तग धरून आहे. फुकुशिमातली तादामी लाइन २०११ च्या पुरात वाहून गेली आणि पुरती जोडायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. तिथेही वाहून गेलेल्या टप्प्याचे रूळ प्रांताने स्वतःच्या मालकीचे करून घेतले, तेव्हा कुठे कंपनी गाडी चालवायला तयार झाली.

फरक आहे तो हाच. आर्वी नगरपालिकेला किंवा वर्धा जिल्हा परिषदेला 'तुम्ही घेता का ही लाइन' असं विचारायची सोयच आपल्या व्यवस्थेत नव्हती. रेल्वे म्हणजे दिल्ली. मग आपण काय करणार, तर निवेदनं देणार, खासदाराला भेटणार. २०१६ मध्ये सुरेश प्रभूंनी शकुंतला ब्रॉडगेज करण्याची घोषणा केली. पुलगाव-आर्वी ब्रॉडगेज करून पुढे आमल्यापर्यंत न्यायचा प्रस्ताव कितीतरी वर्षं फिरतोय. एक गोष्ट मात्र खरोखर झाली: वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या लाइनचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला उघडला, देवळीत रेल्वे आली. म्हणजे रूळ टाकायचे ठरवले तर टाकता येतात.

आर्वी-पुलगाव रस्त्याने कधी गेलात तर शेतांच्या मधून जाणारा एक सरळ उंचवटा दिसतो का बघा. पऱ्हाटी उभी असेल तेव्हा सहज दिसत नाही, उन्हाळ्यात शेतं मोकळी झाली की ओळखू येतो.