महाधमनीतल्या कापडाची कुळकथा

पोटातल्या महाधमनीला फुगवटा आला की पूर्वी तो फुटू नये म्हणून त्याला सेलोफेन गुंडाळत. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्यावर 1948 साली हाच उपाय झाला होता. 1955 मध्ये तोच फुगवटा फुटून ते गेले.

आज फुगलेल्या भागाच्या जागी कापडाची नळी बसवतात. या उपायाचे मूळ मात्र एका रेशमी टाक्यात आहे. 1947 साली न्यूयॉर्कमध्ये शल्यविशारद आर्थर वूर्हीस यांना प्रयोगातल्या कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या टाक्यावर चकचकीत पापुद्रा चढलेला दिसला. दोऱ्यावर चढतो तो कापडाच्या नळीवरही चढेल, असे त्यांच्या मनाने घेतले. व्हिन्यॉन-एन या पॅराशूटच्या कापडाच्या नळ्या कुत्र्यांच्या महाधमनीत बसवून त्यांनी 1952 साली निष्कर्ष छापले. पुढे ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी डॅक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या. डॅक्रॉन शरीरात टिकले आणि घराणे त्याचेच चालले.

पण कापडाला छिद्रे असतात. नळीतून रक्त झिरपू नये म्हणून शल्यविशारद ती आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवून, रक्त गोठवून घेत. नंतर जिलेटिन किंवा कोलॅजेन भरलेल्या तयार नळ्या आल्या. इथे जपान या कथेत ठळकपणे येतो. 1921 साली तापमापक बनवण्यासाठी सुरू झालेल्या तेरुमो कंपनीने 2002 मध्ये स्कॉटलंडची व्हॅस्क्युटेक ही ग्राफ्ट, म्हणजे अशा कृत्रिम नळ्या, बनवणारी कंपनी घेतली. त्याच तेरुमोच्या ‘ट्रिप्लेक्स’ नळीत पॉलिएस्टरच्या दोन थरांमध्ये रबरासारख्या लवचिक पदार्थाचा थर असतो. गळती तोच थोपवतो, त्यामुळे जनावरापासून काढलेले जिलेटिन लागत नाही. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण शस्त्रक्रियेनंतर अंगात काय उरणार याचा विचार तिच्यात आहे.

तोक्यो कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठाचे तेत्सुओ असाकुरा तर पुन्हा रेशमाकडेच वळले. रेशमातल्या फायब्रॉइन प्रथिनाच्या बारीक नळ्या उंदरांच्या महाधमनीत घातल्या, तेव्हा रक्ताचा मार्ग पीटीएफई (टेफ्लॉन) या प्लास्टिकच्या नेहमीच्या नळ्यांपेक्षा जास्त काळ मोकळा राहिला. या नळ्या हळूहळू विरघळतात आणि त्यांची जागा शरीराच्या पेशी घेतात.

कापडाच्या नळीची खरी अडचण लवचिकतेची आहे. निरोगी महाधमनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ताणली जाते, थोडे रक्त साठवते आणि हृदय विसावले की ते पुढे ढकलते. हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना मुख्यतः त्या विसाव्यातच रक्त मिळते. पॉलिएस्टर जवळपास ताणलेच जात नाही. मग नाडीची लाट वेगाने धावते, वरचा रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या डाव्या कप्प्यावर ताण येतो. मांडीतल्या धमनीतून नेऊन बसवलेल्या स्टेंट-ग्राफ्टनंतरही (म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेल्या नळीनंतरही) धमन्यांचा ताठरपणा वाढतो. काही अभ्यासांत पॉलिएस्टरने तो पीटीएफईपेक्षा अधिक वाढलेला दिसला, आणि शस्त्रक्रियेनंतरचा ताप व दाहही पॉलिएस्टरने जास्त आढळतो.

मूळ धमनी आणि कापड यांचा जोड हा दुसरा नाजूक भाग. 1908 साली कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्या नोंदवल्या. धमन्यांना सूज आणणाऱ्या त्या आजाराला आज त्यांचेच नाव आहे. त्याच्या रुग्णांत अशा जोडावर अनेक वर्षांनीही नवा फुगवटा येऊ शकतो, म्हणून त्यांच्यावर आयुष्यभर नजर ठेवावी लागते.

धमन्यांचा ताठरपणा मोजण्याचे एक सोपे साधनही जपाननेच दिले: काव्ही. दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधून ही तपासणी होते, सुई टोचावी लागत नाही, आणि त्या क्षणीच्या रक्तदाबाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही.

घरात कुणाला असा ग्राफ्ट बसला असेल तर शस्त्रक्रिया झाली म्हणजे सगळे संपले असे मानू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या स्कॅनच्या तारखा पाळा, रक्तदाब ताब्यात ठेवा आणि तंबाखू सोडायला लावा.